टेबल, जमीन आणि घर: नाशिकमध्ये लहान मुलासाठी ऑटिझमची थेरपी निवडताना

‘दादा, एबीए लावू की ओटी?’ महिन्या-दोन महिन्यांतून मला असा एक तरी फोन येतो. एबीए म्हणजे वर्तनाची एक थेरपी, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. कधी सिडकोतून, कधी ओझरहून, एकदा तर सटाण्याहून आला. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. तो सव्वादोन वर्षांचा असताना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द आमच्या घरात आला, तेव्हा हाच प्रश्न मी चार जणांना विचारला होता. चौघांनी चार उत्तरं दिली, कारण प्रत्येक जण स्वतःच्या मुलाबद्दल बोलत होता.

मी डॉक्टर नाही. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजल्याशिवाय माल पास करायचा नाही, ही तिथली सवय इथे कामी आली. ज्यांचं मूल पाच-सहा वर्षांच्या आतलं आहे, ज्यांना नुकतंच कळलंय किंवा अजून नुसती शंका आहे, त्या आई-वडिलांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. थेरपीचं नाव बघून निवड करू नका. त्या तासात मुलासोबत नेमकं काय होतं आणि त्यातलं किती तुमच्याबरोबर घरी येतं, ते बघा.

१. आधी कान, मग रिपोर्ट

हाक मारली तरी न वळणाऱ्या मुलाला कदाचित नीट ऐकूच येत नसेल. म्हणून आधी कानांची तपासणी. त्यातली बेरा ही टेस्ट आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघते, आणि ती करताना मूल झोपलेलं लागतं. आम्ही दुपारी जेवण झाल्यावर गेलो आणि साहेब टक्क जागे. दोन तास मांडीवर घेऊन थोपटलं, डोळा मिटेना, परत आलो. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री बारापर्यंत जागवलं, पहाटे उठवलं आणि रिक्षात झोपू नये म्हणून मुंबई नाका येईपर्यंत त्याच्याशी बडबड करत राहिलो. ते जमलं.

मूल १६ ते ३० महिन्यांचं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी भरून मिळते. हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, तुम्ही बोट दाखवलं तर तिकडे बघतो का, असे साधे प्रश्न असतात. ही फक्त चाळणी. निदान डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर), बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. आपल्याकडे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची मोजणी वापरतात. तिच्यात ७० पेक्षा कमी गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत, १५३ च्या वर गेले तर तीव्र धरतात. आलेले शब्द मूल गमावू लागलं असेल किंवा फिट येत असेल, तर यातल्या कशाचीही वाट न बघता डॉक्टर गाठा.

खर्च झेपत नसेल तर अंगणवाडीपासून सुरुवात करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुलं तपासतं आणि गरज दिसली तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. सिव्हिलमध्ये चौकशी करताना सरळ ‘डीईआयसी’ म्हणा, मराठी नावापेक्षा ते पटकन कळतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, तरी निदानासाठी सकाळची पंचवटी पकडून मुंबई गाठणारी कुटुंबं मला दर वर्षी भेटतात. तारीख पुढची मिळाली तरी मधले आठवडे वाया घालवू नका. घरी करायच्या गोष्टींना रिपोर्ट लागत नाही.

‘आपल्यात मुलगे उशिराच बोलतात, तुझा काका पाचव्या वर्षी बोलला’ असं माझी आईही म्हणाली होती. काका खरंच उशिरा बोलला. पण तो बोट दाखवून, खुणा करून, डोळे मोठे करून सगळं सांगायचा, हे तिलाच दोन महिन्यांनी आठवलं. फरक नेमका तिथे असतो.

२. तीन वाक्यं आणि एक व्हिडिओ

कुठल्याही सेंटरची पायरी चढण्याआधी वहीत तीन वाक्यं लिहा. ‘नॉर्मल व्हावा’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते मोजता येत नाही. आमची तीन अशी होती: तहान लागली की कुठल्याही मार्गाने सांगावं. रस्त्यावर हात सोडून पळू नये. आजीबरोबर दोन मिनिटं खेळावं.

मग मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. मूल आवडीच्या माणसाबरोबर आणि आवडीच्या वस्तूबरोबर बसलेलं असावं. ‘हे कर, ते दाखव’ असं काहीही सांगू नका. तारीख घालून तो जपून ठेवा. पुढे सगळे जण ‘बराच फरक पडलाय’ म्हणतील, तेव्हा तो एकच साक्षीदार असेल.

३. थेरपीची घराणी

जाहिरातींत वीस नावं असतात. खोलात गेलं की लहान मुलांच्या वर्तनाच्या थेरपीची तीनच घराणी उरतात. मी त्यांना टेबल, जमीन आणि घर म्हणतो.

टेबलाचं घराणं म्हणजे जुनं एबीए. त्यातल्या शिकवण्याच्या पद्धतीला डीटीटी म्हणतात. एक छोटं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, टेबलावर दोन चित्रं, चेंडू आणि कप. थेरपिस्ट म्हणते, ‘चेंडू दे.’ मूल खिडकीकडे बघतंय. ती त्याचा हात धरून चेंडूच्या चित्रावर नेते, चित्र उचलायला लावते, ‘शाब्बास!’ म्हणते आणि लगेच एक कुरमुरा देते. वहीत ‘पी’ लिहिते. पी म्हणजे प्रॉम्प्ट, मदत द्यावी लागली. चित्रांच्या जागा बदलून पुन्हा ‘चेंडू दे.’ असं दहा वेळा. दहातले आठ-नऊ मदतीविना आले की पुढचं चित्र.

हे प्रसिद्ध झालं ते ओले इव्हार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासामुळे. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या गटात १९ लहान मुलं होती. प्रत्येकाला आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा जास्त काळ शिकवलं गेलं. त्यातली ९ मुलं साध्या शाळेत पहिली पास झाली आणि त्यांचा बुद्ध्यंक सामान्य पातळीवर आला, असं त्यांनी मांडलं. आजही कुठलं सेंटर ‘चाळीस तास लागतील’ म्हणालं, तर तो आकडा तिथून आलेला असतो. दोन गोष्टी मात्र सहसा कुणी सांगत नाही. थेरपीच्या गटात कोण आणि तुलनेच्या गटात कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे तुलना पक्की धरता येत नाही. आणि नको ते वर्तन थांबवायला त्या अभ्यासात जोरात ‘नो’ ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं. आजच्या चांगल्या एबीएत शिक्षा नसते. पण लहानपणी यातून गेलेली बरीच ऑटिस्टिक माणसं मोठेपणी सांगतात, की डोळ्यांत बघायची सक्ती आणि हात फडफडवायला केलेली मनाई यांचा त्रास आयुष्यभर पुरला. ते ऐकून घ्यायला हवं.

आमचं पहिलं सेंटर टेबलवालं होतं. सहा महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ, दार बंद, पालकांनी बाहेर बसायचं. चौथ्या महिन्यात मुलाला साठ कार्डं ओळखता येत होती. घरी मात्र तो माठाजवळ उभा राहून रडायचा. ‘ग्लास’ हे कार्ड त्यातच होतं! कार्डावरचा ग्लास उचलून द्यायचा असतो आणि स्टीलचा ग्लास आईला दाखवून पाणी मागायचं असतं, हा धागा कुणी जोडलाच नव्हता. आणि बाहेर बाकावर मोबाइल बघत बसल्यामुळे आम्हालाही तो दिसला नाही.

तरी टेबलवाल्यांची एक कला मी आजही वापरतो, कामाचे तुकडे पाडायची. चड्डी घालणं म्हणजे सात तुकडे. आधीचे सहा आपण करून द्यायचे, कमरेपर्यंत ओढायचा शेवटचा तुकडा मुलाचा. तो आला की शेवटचे दोन त्याचे. मूल दर वेळी काम संपवूनच उठतं, त्यामुळे चिडत नाही. संडास-बाथरूमची सवय, ब्रश, ताटावर बसणं यांत या घराण्याचा हात धरणारं दुसरं मला दिसलं नाही.

जमिनीचं घराणं. सतरंजीवर थेरपिस्ट पालथी झोपलीय, तिचा चेहरा मुलाच्या चेहऱ्याच्या पातळीवर. साबणाचे फुगे उडवून झालेत. ती बाटलीचं झाकण घट्ट लावते, बाटली मुलाच्या हातात देते आणि गप्प बसते. मूल बाटली हलवतं, दातांनी उघडू बघतं. ती मनात पाच आकडे मोजते. मूल बाटली तिच्याकडे ढकलतं आणि क्षणभर तिच्याकडे बघतं. त्याच क्षणी ती ‘उघड!’ म्हणत झाकण फिरवते आणि फुगे उडतात. इथे बक्षीस वेगळं द्यावं लागत नाही, फुगे हेच बक्षीस. कुरमुरा नाही, ‘इकडे बघ’ नाही.

सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचं अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल, म्हणजे ईएसडीएम, या घराण्यातलं. रॉबर्ट आणि लिन केगल यांचं पीआरटी आणि कॉनी कसारी यांचं जॅस्पर हेही यातलंच. जॅस्परचा भर दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्यावर आहे. वर्तनशास्त्राचे नियम टेबलाचेच, पण पुढाकार मुलाचा. एक गंमत सांगतो. ईएसडीएममध्ये ‘सेन्सरी सोशल रूटीन’ नावाचा प्रकार असतो. वस्तू न घेता दोन माणसांचाच खेळ, त्यात थांबायचं आणि मूल ‘अजून’ म्हणेल याची वाट पाहायची. आम्हाला तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा आई मागून म्हणाली, ‘अगं, हे तर कुक!’ पदराआड लपायचं, थांबायचं, मुलाने पदर ओढला की ‘कुऽऽक’. आमच्या तीन वाक्यांतलं तिसरं तिने पाच आठवड्यांत निकालात काढलं.

घराचं घराणं. यात थेरपिस्ट मुलाला नाही, तुम्हाला शिकवतो. तुम्ही मुलाशी खेळता, त्याचं चित्रीकरण होतं, मग दोघं मिळून ते बघता: ‘इथे तो तुमच्याकडे वळला होता, तुम्ही नवीन खेळणं पुढे केलंत. थांबला असतात तर?’ ब्रिटनमधली पॅक्ट ही पद्धत अशी आहे. तिचं आपल्या भागासाठी केलेलं रूप म्हणजे पास, त्याकडे खाली येतो. ग्रीनस्पॅन यांचा फ्लोअरटाइम आणि कॅनडातला हॅनेन कार्यक्रमही पालकांना पुढे करणारे, मात्र त्यांचा पाया वर्तनशास्त्रापेक्षा बालविकासाचा. जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी असा एक अभ्यासक्रम तयार केलाय.

टीच ही नॉर्थ कॅरोलायनातली पद्धत जागा आणि वेळ आखून देण्याची आहे. चित्रांचं वेळापत्रक, ‘आधी अंघोळ, मग झोका’ अशी पाटी. ती कुठल्याही घराण्यात मिसळते, आजच करा. ओटी आणि स्पीच या वर्तनाच्या थेरपी नव्हेत, त्यांची कामं वेगळी. ‘एबीए की ओटी’ या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच थेट देता येत नाही. चमचा धरणं, आवाजाचा त्रास, अंगाला स्पर्श नको असणं यासाठी ओटी. बोलणं आणि समजणं यासाठी स्पीच. बोलत नसलेल्या मुलाला चित्रं देऊन मागायला शिकवलं तर तो बोलायचं सोडून देईल, ही भीती मात्र काढून टाका, चित्रांमुळे बोलणं अडत नाही.

४. आकडे काय सांगतात

क्वालिटीवाल्याला हा भाग आवडतो, बाकीच्यांनी धीर धरा.

ईएसडीएमचा २०१० चा अभ्यास ४८ मुलांवर झाला. वय १८ ते ३० महिने, गट चिठ्ठ्या टाकावं तसे पाडलेले. दोन वर्षांनी थेरपी घेतलेल्या मुलांचे बुद्ध्यंकाच्या चाचणीतले गुण सरासरी १७.६ ने वाढले, बाकीच्यांचे ७ ने. मला यातला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. थेरपिस्टांनी आठवड्याला सरासरी सुमारे १५ तास दिले आणि पालकांनी घरी त्याच पद्धतीने सुमारे १६ तास दिल्याचं सांगितलं. म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त काम आई-वडिलांनी केलं. सेंटरच्या माहितीपत्रकात ते छापत नाहीत.

टेबल आणि जमीन यांची थेट तुलना २०२१ मध्ये छापून आली. ८७ लहान मुलं, काहींना टेबलाची पद्धत, काहींना ईएसडीएम. त्यातही काहींना आठवड्याला १५ तास, काहींना २५. एका वर्षाने बघितलं तर पद्धतीमुळे किंवा तासांमुळे एकूण निकालात फरक पडलेला नव्हता. २०२४ मध्ये १४४ अभ्यास आणि ९,०३८ मुलांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हाही तास वाढवले की फायदा वाढतो असं ठामपणे दिसलं नाही. त्याआधी २०२० मध्ये १५० अभ्यास एकत्र तपासले होते. कच्चे अभ्यास बाजूला ठेवल्यावर जमिनीच्या आणि विकासाच्या पद्धतींमागचा पुरावा टिकला. टेबलाच्या पद्धतीचे बरेच अभ्यास त्या चाळणीतून गळले. त्या पद्धतीचा उपयोग नाही असं यातून सिद्ध होत नाही, पण ‘सर्वांत पक्का पुरावा आमच्याकडेच’ असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

आता आपल्या खिशाकडे या. समजा ताशी ५०० रुपये धरले. आठवड्याला ४० तास म्हणजे महिन्याला ८०,००० रुपये. कुठल्या घरात बसतंय हे? मी एक कुटुंब पाहिलं, निफाडकडचं. त्यांनी द्राक्षाच्या बागेवर कर्ज काढून तास घेतले आणि वर्षभरात मुलाची आई इतकी थकली, की घरी त्याच्याशी खेळायला तिच्यात त्राण उरलं नाही.

आपल्याला सर्वांत जवळचा अभ्यास पासचा, २०१६ साली छापलेला. गोवा आणि रावळपिंडी इथली ६५ मुलं, वय २ ते ९. सहा महिन्यांत १२ भेटी, आणि त्या देणारे तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून जास्त पुढाकार घेऊ लागली. पॅक्टच्या १५२ मुलांच्या मूळ अभ्यासात सुरुवातीला लक्षणांमध्ये मोठा फरक दिसला नव्हता. पण सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा पालकांना शिकवलेल्या गटात लक्षणांची तीव्रता कमी होती.

माझं मत यावरून असं झालंय: चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर जमिनीच्या पद्धतीचे, घराला झेपतील तितकेच तास सेंटरचे घ्या. आई-वडिलांना शिकवणारा एक तास दर आठवड्याला मागून घ्या. टेबल ठरावीक कामापुरतं ठेवा. मूल स्वतःला इजा करत असेल, डोकं आपटत असेल, तर मात्र वर्तनाच्या बाबतीत अनुभवी माणूस आधी शोधा, तिथे हा हिशेब लागू नाही.

५. सेंटर बघायला जा

नाशिकमध्ये बहुतेक सेंटर गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर आणि नाशिकरोडच्या बाजूला सापडतील. पाथर्डी फाट्याहून संध्याकाळी गंगापूर रोडला जायचं म्हणजे पाऊण तास गेला, आणि मूल पोचेपर्यंत निम्मं दमलेलं असतं. सिन्नर किंवा दिंडोरीहून येणाऱ्यांचं तर विचारूच नका. जवळचं बरं सेंटर लांबच्या उत्तम सेंटरपेक्षा वर्षभर टिकतं. जाण्यायेण्याचा तासही थेरपीच्या तासात धरा.

पहिल्या भेटीत फी विचारण्याआधी विचारा, ‘आम्ही आत बसून बघू शकतो का?’ रोज नाही म्हणाले तर चालेल, मुलाचं लक्ष उडतं हे खरं आहे. पण काच, कॅमेरा किंवा आठवड्यातून एक दिवस, यातलं काहीच नसेल तर उठा. मी तेव्हा उठायला हवं होतं.

मग शिकवणाऱ्याची नोंदणी. स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नंबर असतो. ओटीची नोंदणी राज्याच्या ओटी-पीटी कौन्सिलकडे असते. एबीएवाले बीसीबीए किंवा आरबीटी सांगतील. ती अमेरिकन प्रमाणपत्रं आहेत आणि ती देणारी संस्था २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेत नाही. आरबीटी म्हणजे ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेला मदतनीस, त्याच्यावर देखरेख कोण करतं ते विचारा. बोर्डावर ज्यांचं नाव आहे त्या मॅडम महिन्यातून किती वेळा मुलाला बघतील, हेही विचारा. बऱ्याचदा बोर्ड एकाचा आणि हात दुसऱ्याचा असतो.

‘माझ्या मुलाची तीन ध्येयं ही आहेत, तुम्ही पहिल्या महिन्यात काय कराल?’ असं म्हणून वही पुढे ठेवा. चांगली थेरपिस्ट वही हातात घेते आणि उलट प्रश्न विचारते: पाणी तो कुठून पितो, माठ कुठल्या उंचीवर आहे, घरात कोण कोण असतं. दुसरी म्हणते, ‘काळजी करू नका, सगळं होईल.’

भाषेचंही बघा. ‘गोंधळ होईल, घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला आम्हाला दोन ठिकाणी मिळाला. दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजी मराठीत लाड करणार आणि मुलगा फक्त ‘वॉटर’ शिकणार, तर तो आजीकडे पाणी मागणार कसा? आमचा पहिला शब्द ‘दे’ होता. एक अक्षर, आणि तो फुग्यांपासून झोक्यापर्यंत सगळीकडे चालतो.

काही ठिकाणी हसून नमस्कार करून बाहेर पडा. ‘सहा महिन्यांत पूर्ण बरा’ असं लिहून देणारे. रडणाऱ्या मुलाला दाबून बसवणारे. स्टेम सेलवाले तर नक्कीच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, आणि प्रयोग म्हणून करायचा तर पैसे घेता येत नाहीत. दूध-गहू बंद करण्यामागेही पक्का पुरावा नाही. आधीच तीन पदार्थ खाणाऱ्या मुलाची पोळी काढून घेतली तर उरतं काय?

६. तीन महिन्यांनी मोजा

पॅकेज घेऊच नका, महिन्याच्या महिन्याला पैसे द्या. सवलत बुडते, बुडू द्या. दर रविवारी वहीत एक ओळ लिहा: या आठवड्यात त्याने स्वतःहून किती वेळा काही मागितलं? सांगून केलेलं धरायचं नाही. नव्वदाव्या दिवशी पुन्हा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, तीच जागा, तोच माणूस, आणि दोन्ही एकापाठोपाठ बघा.

आमच्या दुसऱ्या सेंटरच्या वेळी पहिल्या रविवारी आकडा होता दोन, बाराव्या रविवारी एकोणीस. मधे एक आठवडा शून्यही होता, दिवाळीचा. फटाके, पाहुणे, बुडालेली झोप. एखादा आठवडा पडला म्हणून सेंटर बदलू नका. सलग सहा आठवडे ओळ हलली नाही तर बसून बोला, आणि तरी तेच चाललं असेल तर बदला. सेंटर आणि घर यातल्या नोंदींत मोठी तफावत दिसली तर सेंटर खोटं बोलतंय असं लगेच समजू नका. बहुधा तिथे शिकलेलं इथे पोचलेलं नसतं, आणि तोच मुद्दा त्यांच्यासमोर ठेवा.

७. घरचा अर्धा तास

यासाठी वेगळी खोली किंवा महाग खेळणी लागत नाहीत. रोज होणाऱ्या तीन गोष्टी निवडा. आमच्या अंघोळ, पोळ्या आणि झोका होत्या. कारखान्यात माझी पाळी बदलायची, त्यामुळे अंघोळ कधी माझी, कधी बायकोची. पोळ्या कायम आजीच्या.

पोळ्यांचं सांगतो. तो ओट्याजवळच्या स्टुलावर बसायचा. आजी कणकेचा गोळा त्याच्यासमोर धरायची आणि थांबायची. सुरुवातीला तो हिसकावून घ्यायचा. मग तिने गोळा तोंडाजवळ, स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत धरायला सुरुवात केली. थोडं थांबलं की त्याची नजर गोळ्यावरून तिच्यावर सरकायची, ती ‘दे’ म्हणायची आणि लगेच गोळा त्याच्या हातात. दोन सेकंदांच्या वर ताणायचं नाही, नाही तर रड सुरू. तो कणीक थापायला लागला की तीही तस्संच थापायची. मुलाची नक्कल आपण करायची, हे सगळ्यांना उलटं वाटतं. पण त्यानेच तो पहिल्यांदा थांबून तिच्या हाताकडे बघायला लागला.

आपली सगळ्यांची चूक एकच होते, आपण फार बोलतो. ‘हे काय आहे? रंग कुठला? सांग ना बाळा, काल तर सांगितलंस!’ एका मिनिटात अकरा प्रश्न. स्वतःचा व्हिडिओ बघून मला लाज वाटली होती. प्रश्न बंद करून, तो जे करतोय तेच एका शब्दात म्हणायला लागलो, ‘वर’, ‘धप्प’, ‘संपलं’, तेव्हा घर शांत झालं आणि तो जवळ सरकला.

मूल दमलं असेल, आजारी असेल, तर त्या दिवशी सुट्टी. मांडीवर घेऊन बसा. त्याचीही नोंद करायला हरकत नाही, मी ‘रजा’ लिहायचो.

८. कागद

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा, तपासणी सिव्हिलला होते. प्रमाणपत्र मिळालं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला. तिच्यात वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चालाही ठरावीक मर्यादेत पैसे मिळतात, म्हणून सेंटरकडून पक्की पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्या महिन्यापासून जपा. आम्ही पहिल्या वर्षाच्या पावत्याच घेतल्या नव्हत्या.

तपासणीच्या दिवशी रांग मोठी असते आणि आवाज फार. मुलाचा डबा, पाणी, कानांवर लावायचा हेडफोन आणि आवडीची एक वस्तू पिशवीत टाका. दोघांनी जा. एकाने रांगेत थांबायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर फिरायचं आणि नंबर जवळ आला की फोन करायचा.